एका हाताने टाळी वाजते: जन्मतः एक हात नसताना रोजचं सगळं कसं जमवायचं

आधीच सांगते, माझा डावा हात कोपराखाली चार बोटं एवढाच आहे, जन्मापासून. घरात त्याला बारका हात म्हणतात, मीपण तेच म्हणते. थोटी म्हणणारे गावात होते, त्यातल्या एकाला सहावीत असताना मी दगड मारलाय पण ते राहू दे. आता वय ३९, मूळची फलटणकडची, राहते पुण्यात, नोकरी करते, गाडी चालवते, मुलगी चौथीत आहे, भाकरी करते आणि ती फुगते. कुणाच्या तरी ओळखीने लहान बाळांचे आईबाप फोन करतात आणि प्रश्न तेच असतात, म्हटलं एकदाच बैजवार लिहून टाकू. अपघातात हात गेलेल्यांनाही यातलं बरंच चालेल, पण त्यांना दोन हात असतानाचं सगळं आठवत असतं, आपल्याला तसलं काही आठवायचंच नसतं, ही आपली सोय आहे.

आईबापांनो, आधी ते ग्रहणाचं डोक्यातून काढा

मी पोटात असताना आईने ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून पोरीचा हात कापला गेला, असं आज्जी मरेपर्यंत म्हणायची. आईने वीस वर्षं ते ऐकून घेतलं. खरी गोष्ट अशी आहे की पोटातल्या बाळाला हाताचा कोंब चौथ्या आठवड्याच्या आसपास फुटतो आणि आठव्या आठवड्यापर्यंत हात, बोटं सगळी आकाराला आलेली असतात. म्हणजे जे काय व्हायचं ते कित्येक बायकांना आपल्याला दिवस गेलेत हे धड कळायच्या आत होऊन जातं, आणि आईचं ते ग्रहण होतं सातव्या महिन्यात! कधी त्या भागाचा रक्तपुरवठा अडतो, कधी गर्भाभोवतीच्या पडद्याचा धागा गुंडाळला जातो, बऱ्याचदा कारण सापडतच नाही. माझ्यासारखा फक्त कोपराखालचा हात नसणं हे बहुतेक वेळा घराण्यातून आलेलं नसतं, पुढच्या बाळाला होईलच असंही नाही. मात्र अंगठ्याच्या बाजूचं हाड नसेल, किंवा हातासोबत दुसरंही काही वेगळं दिसत असेल, तर हृदय, किडनी आणि रक्त यांची तपासणी करून घ्याच आणि जेनेटिक्सच्या डॉक्टरांना एकदा भेटा. ही तपासणी ग्रहणशांतीच्या आधी करायची, नंतर नाही.

मग बाळाचं काय करायचं? पहिलं म्हणजे लांब बाह्यांचे झबले घालून तो हात झाकू नका. त्या टोकाला स्पर्श कळतो, गरम गार कळतं, बाळ त्याच्यानेच जग चाचपतं. मोठा बॉल, उशी, डबा अशी खेळणी द्या जी दोन्ही बाजूंनी कवटाळावी लागतात, म्हणजे बारका हातही कामाला लागतो आणि खांदा अशक्त राहत नाही. दुसरं, आणि हे अवघड आहे, मदतीला धावू नका. चड्डी वर ओढायला पोराला दहा मिनिटं लागली तर लागू द्या, सकाळी शाळेच्या घाईत नको पण रविवारी लागू द्या. माझ्या वडलांनी मला चपलेचा पट्टा लावून द्यायचं पाचव्या वर्षी बंद केलं, मी अंगणात बसून भोकाड पसरलं, शेजारणीने त्यांना कसाई म्हटलं. तिसऱ्या दिवशी मी पट्टा गुडघ्याखाली दाबून लावला. कसा, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंना सांगा की वर्गासमोर एकदाच मोकळेपणाने बोलून टाकू, पोरांना हात बघू दे, हात लावू दे, पाच मिनिटांत त्यांचा इंटरेस्ट संपतो. लपवलं की वर्षभर चालतं.

धरणारा हात आणि करणारा हात

बाकी सगळं विसरलात तरी हे लक्षात ठेवा. दोन हातांचं कुठलंही काम घ्या, त्यात बहुतेक वेळा एक हात नुसता धरतो आणि दुसरा करतो. बटाटा एकाने धरायचा, दुसऱ्याने सोलायचा. कागद एकाने दाबायचा, दुसऱ्याने रेघ मारायची. आपल्याकडे करणारा हात आहे, मग शोधायचं काय तर धरणारा. तो ओटा असू शकतो, भिंत, गुडघा, मांडी, काख, अर्धवट उघडा ड्रॉवर, ओलं फडकं, चिमटा, सी क्लॅम्प. नवीन काम अडलं की मी आधी बघते की यात धरायचं काय आहे आणि ते कोण धरेल, कितीही विचित्र काम असलं तरी इथूनच सुटतं.

फक्त दात वापरू नका. आपण सगळे दाताने पाकिटं फाडतो, बाटल्या उघडतो, दोरे तोडतो, मी तिशीत दोन रूट कॅनाल करून बसले आणि डेंटिस्टने विचारलं की तुम्ही अक्रोड फोडता का? किचनमध्ये, पर्समध्ये, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये अशा तीन कात्र्या ठेवा, रूट कॅनालपेक्षा स्वस्त पडतात.

अंघोळ, कपडे, नखं

सगळ्यात जास्त विचारलं जातं (आणि सगळ्यात लाजत) ते म्हणजे उजवा हात धुता कसा. बारक्या हातावर सुती मोजा चढवायचा, त्याला साबण लावायचा आणि त्याने उजवा हात नि काख घासायची. हात अगदीच आखूड असेल तर मांडीवर साबण लावून त्यावर हात घासायचा, किंवा बाथरूमच्या टाइलला सक्शनवाला ब्रश चिकटवायचा. टूथब्रश बेसिनच्या कडेवर आडवा ठेवून त्यावर पेस्ट पिळायची, हे सांगायची गरज नाही पण विचारतात.

नखं हा खरा प्रश्न, कारण एकुलत्या हाताची नखं कापणार कोण? लग्नाआधी आई कापायची, हॉस्टेलवर मैत्रीण, आणि नखं कापायला माणूस लागतो याचा मला भयंकर राग यायचा. उपाय असा निघाला की साधा नेलकटर घ्यायचा, लाकडाच्या जाड फळीवर स्क्रूने किंवा एपॉक्सीने पक्का बसवायचा, वरची दांडी मोकळी राहील असा. फळी टेबलावर ठेवायची, बोट तोंडात द्यायचं आणि दांडी बारक्या हाताने किंवा कोपराने दाबायची. सुतार हसला पण वीस मिनिटांत करून दिलं. ज्यांना दाबणं जमत नाही त्यांनी नखं घासायची पट्टी डबल टेपने टेबलाच्या कडेला चिकटवावी आणि दर दोन दिवसांनी बोट घासावं.

कपड्यांत नाडी बंद, इलॅस्टिक चालू. ब्रा पुढे हुकवाली. जीन्सचं बटण घट्ट असेल तर टेलरकडून त्याजागी हुक लावून घ्यायचं. बुटाला इलॅस्टिक लेस किंवा वेल्क्रो. साडी मी नेसते, आधी पदर काढून खांद्यावर पिन मारून घेते, मग निऱ्या घालताना दर दोन निऱ्यांना कपडे वाळत घालायचा चिमटा लावत जाते, सगळ्या झाल्या की एकत्र खोचून चिमटे काढायचे. पहिल्या वेळी चाळीस मिनिटं लागली, आता बारा तेरा लागतात. केसांची वेणी मात्र मला आजही एकटीने येत नाही, क्लचर जिंदाबाद, गजरासुद्धा क्लचरलाच अडकवते.

बांगड्यांचं म्हणाल तर कासारणीसमोर हात पुढे केला की ती दुसरा हात मागते, आणि मग कसनुसं होतं. मीच आधी सांगते की काकू सगळ्या याच हातात भरा. नमस्कार एका हाताने छातीशी, कुणी थोरांनी नाक मुरडलेलं आठवत नाही. आरतीला बारक्या हातावर तळवा मारते, आवाज बऱ्यापैकी येतो, त्यामुळे ती एका हाताने टाळीची म्हण माझ्यासमोर वापरू नका.

स्वयंपाकघर

इथे जरा रेंगाळते कारण एकटं राहायचं तर स्वतःच्या हातचं खाता यायला हवं आणि घरचे सगळ्यात आधी इथूनच आपल्याला बाहेर काढतात, भाजेल, कापेल, राहू दे गं.

चिरायला विळीच बेस्ट. जिच्यामुळे माझा हात गेला म्हणे, तीच. सुरीला भाजी धरायला एक हात आणि सुरी धरायला दुसरा, विळीला मात्र पातं पायाखाली पक्कं असतं, आपण फक्त भाजी त्याच्यावर नेतो. कांदा आधी अर्धा करून घ्यायचा, पाठ गोल असते त्यामुळे पहिला काप सावकाश. विळीवर बसताना बारका हात मागे ठेवा, मदतीला पुढे येतो आणि पात्याला लागतो, माझ्या त्या हातावर तीन खुणा आहेत. नारळ खवायलाही विळीची खवणी चालते. खाली बसणं जमत नसेल तर लाकडी चॉपिंग बोर्डला स्टीलचे दोन खिळे खालून वर ठोकून घ्या, बटाटा, दुधी, काकडी त्यावर खोचायची आणि सुरीने कापायची, पीलरने सोलायलाही तेच. काम झालं की खिळ्यांवर बुचं लावून ठेवा, नाहीतर रात्री पाणी प्यायला उठलेला माणूस तुमचं नाव काढेल.

परात, पातेलं, किसणी, जे काय घसरतं त्याच्याखाली ओलं करून पिळलेलं फडकं. एवढ्या एका गोष्टीने माझं अर्धं किचन सुटलं. दुधाची पिशवी उंच मगात उभी करायची, कोपरा कात्रीने कापायचा, मग मगासकट ओतायची. बरणीचं झाकण उघडायला बरणी ड्रॉवरमध्ये घालून ड्रॉवर कमरेने दाबायचा. लसूण वाटीने ठेचला की साल आपोआप सुटते. कुकर माझ्या हाताला आत बसणाऱ्या झाकणाचा सोपा पडतो, बाहेरून फिरवायच्या झाकणाला एक हात भांड्याच्या दांडीला लागतोच, पण दुकानात जाऊन स्वतः दहा वेळा उघडझाप करून बघा आणि मगच घ्या, दुकानदार बघतो तर बघू दे.

भाकरी. पीठ मळताना कोमट पाणी थोडं थोडं, परात ओल्या फडक्यावर, तळव्याच्या मागच्या भागाने रगडायचं. थापायला एक हात पुरतो, खाली कोरडं पीठ नीट असलं की भाकरी स्वतःच फिरते. घोटाळा होतो तो उचलून तव्यावर टाकताना, तिथे दोन हात लागतात आणि माझ्या पहिल्या पन्नासेक भाकऱ्यांचे नकाशे झाले. मग आत्याने सांगितलं की सुती रुमालावर थाप. रुमाल पोळपाटावर पसरायचा, त्यावर पीठ भुरभुरायचं, भाकरी थापायची, मग रुमालाखालून तळवा घालून अख्खं उचलायचं आणि तव्यावर पालथं करायचं, रुमाल हलकेच सोलून घ्यायचा. पिठाची बाजू आपसूक वर येते, तिच्यावर पाणी फिरवायचं, पुढचं नेहमीसारखं. प्लास्टिकच्या कागदावर थापणारे आहेत पण तापल्या तव्याजवळ एका हाताने प्लास्टिक नको.

आणि एक काम मी करत नाही म्हणजे नाही. उकळतं पाणी किंवा डाळीचं भरलेलं भांडं उचलून नेत नाही. ओट्यावरून सरकवते, वाटीने काढते, किंवा हाक मारते.

कागदपत्रं

आता कंटाळवाणा पण पैशाचा भाग. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे, त्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत आणि ४० टक्के किंवा जास्त असेल तर बहुतेक सवलती मिळतात. कोपराखाली हात नसेल तर टक्केवारी साधारण साठ-सत्तरच्या घरात निघते, माझी ७० आहे, जन्मतः असो की अपघाताने, हात जिथे संपतो त्यावर मोजतात.

करायचं असं. स्वावलंबन कार्डाच्या सरकारी पोर्टलवर यूडीआयडीसाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) अर्ज भरायचा, आधार, फोटो, सही, पत्त्याचा पुरावा लागतो, नाव आधारवर आहे तसंच्या तसं, एक वेलांटीही इकडची तिकडे नको. हॉस्पिटल निवडायचं. बऱ्याच सरकारी हॉस्पिटलांत बोर्डाचा, म्हणजे अपंगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांचा, आठवड्यातला ठराविक वार असतो, तो फोन करून किंवा कुणाला तरी पाठवून आधी विचारा, मी एकदा बाळाला घेऊन भर मे महिन्यात चुकीच्या वारी गेले होते. तपासणीत डॉक्टर मोजमाप घेतात, पाच मिनिटांचं काम आहे. सर्टिफिकेट हातात आलं की तिथेच उभं राहून वाचायचं, कायमस्वरूपी लिहिलंय का बघायचं. माझं पहिलं पाच वर्षांसाठी दिलं होतं! म्हटलं साहेब, पाच वर्षांत उगवणार आहे का? बदलून दिलं. डिजिटल कॉपी फोनमध्ये ठेवा, मूळ कागद घरात.

याचे उपयोग मला झाले ते सांगते. एसटीच्या साध्या गाडीत तिकिटात ७५ टक्के सवलत. महाराष्ट्रात ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर प्रोफेशनल टॅक्स माफ असतो, एचआरला सर्टिफिकेट द्यावं लागतं, माझे पहिली चार वर्षं कापले गेले कारण त्यांना माहीत नव्हतं आणि मलाही. इन्कम टॅक्सला जुन्या रिजीममध्ये ७५,००० रुपयांची वजावट (८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००), नव्या रिजीममध्ये ती नाही, त्यामुळे दोन्ही हिशोब करून बघा. गावाकडे राहत असाल तर ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, ग्रामसभेत उठून विचारा, पहिल्यांदा विचारलं की ऑफिसात एकदम शांतता होते. रेल्वेच्या सवलतीत मात्र गोची आहे, ती हाता-पायाच्या अपंगत्वात सोबत माणूस असल्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्यांसाठी आहे, आपल्यापैकी अनेकांना त्यामुळे मिळत नाही. मला नाही मिळत, आणि एकटी फिरते म्हणून नाही मिळत याचं मला फार वाईट वाटत नाही.

आधार काढताना नसलेली बोटं सिस्टीममध्ये नसलेली म्हणून नोंदवता येतात, ऑपरेटर मशिन एरर देतंय म्हणाला तर त्याला बायोमेट्रिक एक्सेप्शन एवढे दोन शब्द सांगा.

शिक्षण आणि नोकरी

लिहिता हात शाबूत असेल तर परीक्षेत लेखनिक लागत नाही, पण जादा वेळ मागा, केंद्राच्या नियमावलीत तासाला किमान २० मिनिटं आहेत. भूमितीच्या पेपरला पट्टी धरायला हात नसतो तेव्हा ही मिनिटं सोन्याची. पट्टीखाली डबल टेपचा तुकडा लावा, कागद क्लिपबोर्डला चारही बाजूंनी चिमटे. उच्च शिक्षणात सरकारी आणि अनुदानित कॉलेजात ५ टक्के जागा राखीव आहेत, सरकारी नोकरीत ४ टक्के, त्यातला १ टक्का हाता-पायाच्या गटाला. जाहिरातीत पदापुढे ओए लिहिलंय का बघायचं, म्हणजे वन आर्म, एक हात नसलेला चालतो. ते नसेल तर अर्ज करून फायदा नाही.

डॉक्टर व्हायचंय म्हणणाऱ्या पोरांसाठी एक मोठी बातमी. एमबीबीएसला दोन्ही हात शाबूत हवेत अशी अट होती, तिच्यामुळे कितीजणांची नीटची प्रवेश परीक्षा पास होऊन वाट लागली असेल देव जाणे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अनमोल नावाच्या विद्यार्थ्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ही अट टिकण्यासारखी नाही असं सांगितलं, माणसाला काय जमतं ते तपासा, हात मोजू नका अशा अर्थाचं. तेव्हा कुणी प्रवेशाच्या कौन्सेलिंगमध्ये हाकललं तर हा निकाल सोबत न्या.

खाजगी नोकरीत माझा नियम असा की इंटरव्ह्यूत मी हात टेबलावर ठेवते. ते बघत असतात आणि विचारत नाहीत, म्हणून मीच म्हणते की टायपिंग एका हाताने करते, टेस्ट घ्या. कम्प्युटरवर स्टिकी कीज चालू करायची, म्हणजे कंट्रोल, शिफ्ट एकेक करून दाबता येतात, विंडोजमध्ये शिफ्ट पाच वेळा दाबलं की विचारतो. लांब मेल मराठीत बोलून टाइप करते, चुका नंतर सुधारते. फोनच्या मागे रिंग लावा, आणि कीबोर्ड एका हाताच्या मोडवर.

कृत्रिम हात घ्यावा का

सगळे नातेवाईक पहिल्याच भेटीत हेच विचारतात. माझं मत, आणि मत आहे, की घाई नको. दिसायचा हात, दोरी-पट्ट्याने उघडझाप होणारा हात आणि स्नायूंच्या सिग्नलवर चालणारा मायोइलेक्ट्रिक हात असे ढोबळ तीन प्रकार. दिसायचा हलका आणि स्वस्त पण काम शून्य. पट्ट्याचा दणकट, शेतात, वर्कशॉपमध्ये खरा उपयोगी. मायोइलेक्ट्रिक महाग, चार्जिंग, पाण्याचं भय, रिपेरिंगला जा ये. जन्मतः हात नसलेली बरीच मुलं कुठलाही हात शेवटी काढून ठेवतात, कारण आत उघडं टोक असताना कळणारा स्पर्श झाकला जातो. माझा सातव्या वर्षीचा गुलाबी हात फलटणच्या उन्हाळ्यात आतून घामाने निथळायचा, दोन वर्षं खुंटीला होता, मग भावाने तो बुजगावण्याला लावला. आईला राग आला, मला नाही.

तरी एकदा दाखवून या. मुंबईत हाजी अलीची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे, पुण्यात वानवडीला आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे, ते सैन्याचं आहे पण सिव्हिलियनही घेतात. जयपूर फूटवाली संस्था १९७५ पासून काम करतेय, तीही हात देते. रोटरीच्या कॅम्पात एलएन फोर नावाचा साधा हात फुकट बसवतात, पण कोपराखाली बऱ्यापैकी हात उरलेला लागतो, मला बसला नाही. पूर्ण हातापेक्षा एकेका कामाचं जोडाचं साधन जास्त कामाचं असतं, सायकलचं हँडल पकडायचा कप, बॅट धरायचा पट्टा, मुलाला काय खेळायचंय ते विचारून तेवढंच करून घ्या.

घराबाहेर

मुंबईत असाल तर लोकलला दिव्यांगांचा डबा वापरा, सर्टिफिकेट जवळ ठेवा. तुम्ही तर चालताय मग इकडे कशाला, असं म्हणणारे भेटतात. त्यांना सांगायचं की दांडा एकाच हाताने धरता येतो आणि धक्का लागला की तोही सुटतो. एसटीत चढताना बॅग पाठीवर, हात मोकळा.

दुचाकीच्या नादाला मी लागले नाही, ब्रेक दोन बाजूंना असतात आणि पुण्याचे रस्ते पुण्याचे आहेत. गाडी मात्र घ्या. ऑटोमॅटिक. स्टिअरिंगला गोल नॉब बसवतात, हात न बदलता पूर्ण चाक फिरतं. आपल्याकडे गिअरची दांडी डाव्या बाजूला असते, पण ऑटोमॅटिकला ती थांबल्यावरच हलवायची असते, तेव्हा उजवा हात पलीकडे नेला तरी चालतं. इंडिकेटर उजवीकडे असलेली गाडी बघा, काही युरोपियन कंपन्यांच्या गाड्यांत तो डावीकडे असतो आणि डावा हात नसलेल्याने तसली गाडी घेतली तर रोज शिव्या. बदल करण्याआधी आरटीओत विचारा, बदलाची नोंद आरसीवर आणि लायसन्सवर नीट करून घ्या, नाहीतर अपघातात इन्शुरन्सवाला हात वर करेल. आरटीओत नाही म्हणाले तर केरळच्या जिलुमोल मेरिएट थॉमस यांचं उदाहरण द्या, जन्मतः दोन्ही हात नाहीत, पायाने गाडी चालवतात, डिसेंबर २०२३ मध्ये खुद्द मुख्यमंत्र्यांनी त्यांना लायसन्स दिलं. मी ती बातमी प्रिंट काढून नेली होती दुसऱ्या एकीसाठी, साहेबांनी चष्मा लावून वाचली.

एकुलता हात जपायचा

हे तिशीनंतर कळतं आणि तेव्हा उशीर झालेला असतो. दुप्पट काम करणारा खांदा, कोपर, मनगट चाळिशीकडे बोंबलायला लागतात, बोटांना मुंग्या, रात्री बधीरपणा. मुंग्या आल्या की महिनाभर बाम चोळत बसू नका, दाखवा. मी फिजिओथेरपिस्टकडे उशिरा गेले, तिने आधी पाठ आणि बारक्या बाजूचा खांदा बळकट करायला लावला, कारण मी सगळं अंग एका बाजूला वाकवून काम करत होते. रबरी पट्टा त्या हाताला वेल्क्रोने बांधून ओढायचा, दोन्ही बाजूंना सारखा व्यायाम. जड पिशव्या पाठीवर, भाजीला ट्रॉली.

हॉस्पिटलात भरती झालात तर सिस्टरला पहिलं वाक्य हे सांगा की सलाइन या हाताला लावू नका. त्यांना सवयीने चांगला हात दिसतो, त्यात सुई गेली की तुम्ही पाणी पिऊ शकत नाही, बेल दाबू शकत नाही, बाथरूमला जाऊ शकत नाही. बारक्या बाजूला कोपराच्या खळीत शीर मिळते बऱ्याचदा, नाहीतर डॉक्टरांना दुसरी जागा बघायला सांगा. बाळंतपणात मी हे कागदावर लिहून उशाशी चिकटवलं होतं. बाळाचं तेव्हा सगळे म्हणाले, कसं गं होणार तुझं, तर असं झालं: उचलायला आधी माझ्या अंगाशी ओढून घ्यायचं मग मानेखाली हात, फिरताना बाळ पुढे बांधायचा पट्टा, लंगोट वेल्क्रोचे, कपडे बदलणं जमिनीवर गादीवर म्हणजे पडायची भीती नाही. अंघोळ मात्र पहिले तीन महिने सासूबाईंनी घातली. ओलं बाळ एका हातात धरायचं नाही, तिथे हट्ट केला नाही.

लोक

लग्न जमवताना फोटोत हात लपवू नका, लपवणाऱ्या मध्यस्थाला तर लांबच ठेवा. माझ्या पाहुण्यांपैकी दोघे चहा न पिता गेले, बरं झालं, दूध वाचलं. अनोळखी माणसं लिफ्टमध्ये विचारतात, अरेरे काय झालं, तेव्हा मूड असेल तर सांगते, नसेल तर म्हणते जन्मापासून आहे, तुमचा कितवा मजला? लहान पोरांना मात्र कायम खरं सांगते आणि हात बघू देते.

मदत मागायचं म्हणाल तर माझ्याकडे तीन कप्पे आहेत. एक, जे मी स्वतःच करणार, कितीही वेळ लागो: स्वयंपाक, कपडे, पैसे, गाडी. दोन, जे करू शकते पण करत नाही कारण त्यात जीव जातो: गादीला अभ्रा घालणं, चादरींच्या घड्या, फ्रीज हलवणं. तीन, जे होतच नाही, ते सरळ मागायचं, कुरकुर न करता, आणि कसं करायचं ते मीच सांगते म्हणजे समोरचा सगळं ताब्यात घेत नाही. कुठलं काम कुठल्या कप्प्यात हे मात्र माझं मी ठरवते. सासूबाईंनी सुरुवातीला सगळंच तिसऱ्यात ढकललं होतं, एकेक काढून आणायला दीड वर्ष गेलं.

साडीची पाठीमागची पिन तिसऱ्या कप्प्यात आहे. ती नवऱ्याकडून लावून घेते, बारा वर्षं झाली, दोन हात असून अजून वाकडीच लावतो.